८० च्या वेगाला थरथरणारं स्टेअरिंग आणि रिमच्या आतली काळी माती

गाडी आणि तक्रार

गाडी साधी हॅचबॅक, चारेक वर्षांची. टायर १७५/६५ आर १४, ट्यूबलेस. रिम अलॉयच्या, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. मालक आमच्या गल्लीतले नाना. शाळेतून निवृत्त झाले, राहतात जळगावात, पण जीव सगळा तापीपलीकडे, यावल तालुक्यातल्या केळीत. पावसाळा असो की उन्हाळा, आठवड्यातून दोन-तीनदा शेतावर चक्कर ठरलेली. गावापर्यंत डांबरी रस्ता आहे, पण शेवटचा दीड-दोन किलोमीटर शेतरस्ता. तिथली माती नदीकाठची, खोल, काळी आणि चिकट. केळीला सोन्यासारखी, गाडीला वैरीण.

दसरा चार दिवसांवर आलेला. पूजेला गाडी चकाचक हवी म्हणून नाना माझ्याकडे आले. मला गाड्या धुण्याचा नाद आहे हे गल्लीला माहीत आहे, आणि दसऱ्याच्या आधी तर माझ्या दारात रांग असते. चावी देता देता म्हणाले, "चाकं जरा चांगली चमकव. तसे ते पुढचे दोन टायर बदलायचेच हायेत, पण पूजेपुरते चालतील."

टायर का बदलायचे, हे विचारलं तेव्हा खरी तक्रार बाहेर आली. "महामार्गावर गाडी हालू राहिली भो. सत्तरच्या पुढे गेलं की स्टेअरिंग हातात नाचतं."

मी गाडी भुसावळ रस्त्यावर नेऊन पाहिली. ७० ला सुरुवात, ८०-८५ ला सगळ्यात जास्त, ९५ च्या पुढे थोडं कमी. ब्रेक दाबला काय, सोडला काय, फरक नाही. गाडी कुणीकडे ओढत नव्हती. थरथर स्टेअरिंगला होती, सीटला नव्हती.

आधी काय काय झालं होतं

नानांना एकेक आठवायला लावलं. ऑगस्टमधल्या एका झडीत शेतरस्त्यावर गाडी मडगार्डपर्यंत चिखलात गेली होती. ट्रॅक्टर बोलवावा लागला नाही, पण दुसऱ्या गिअरला रेटत बाहेर काढली आणि संध्याकाळी तशीच दारात लावली. थरथर पहिल्यांदा जाणवली ती दुसऱ्या दिवशी.

मग वॉशिंग सेंटर. तिथे प्रेशर गनने वरून धुलाई झाली, खालून डिझेलचा फवारा मारला गेला, अलॉयवर "चमकायचं ॲसिड" फिरवलं गेलं आणि टायरला तेलकट काळं पॉलिश. गाडी बाहेर आली ती शोरूममधल्यासारखी. थरथर होती तिथेच.

मग टायरवाला. अलाइनमेंट (चाकांची दिशा सरळ करणं), बॅलन्सिंग (छोटी वजनं लावून चाकाचा तोल जमवणं), पैसे, आणि गाडी एकदम शांत. नाना खूश. ते सुख काही दिवसच टिकलं. पुन्हा थरथर आली, आणि आली ती पहिल्याहून जास्त. परत त्याच दुकानात गेले तर उत्तर मिळालं, "काका, बॅलन्सिंग करून दिलंय. आता टायरच गेले समजा." पुढचे दोन, म्हणजे आठ-नऊ हजारांचा खर्च.

या सगळ्यात मला खटकली ती मधली शांतता. टायर आतून फाटला असेल, त्याची तार तुटली असेल, तर बॅलन्सिंगने तो काही दिवस बरा होऊन पुन्हा आजारी पडत नाही. ब्रेकची डिस्क वाकडी असती तर ब्रेक दाबल्यावरच हात हलले असते. बेअरिंग गेलं असतं तर वेगाबरोबर वाढणारी गुणगुण आली असती. एका ठराविक वेगपट्ट्यात, ब्रेकशिवाय, फक्त स्टेअरिंगला येणारी थरथर म्हणजे पुढच्या चाकांचा तोल. आणि जो तोल मशीनवर जमला होता तो आपोआप बिघडला, म्हणजे मशीनवर चाक असताना त्यात जे होतं ते आता नाही, किंवा जे नव्हतं ते आता आहे.

म्हणून नानांना म्हटलं, टायरचं नंतर बघू, यावेळी चाकं काढून धुतो.

चाक काढल्यावर

गाडी जॅकवर घ्यायची ती सिमेंटच्या किंवा पेव्हरच्या सपाट जागेवर, मातीवर नाही. पहिला गिअर, हँडब्रेक, उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे. नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे. चाक निघालं की स्टेपनी आडवी करून गाडीच्या कडेखाली सरकवायची, म्हणजे जॅक घसरलाच तर गाडी तिच्यावर बसेल, हातावर नाही. हे सगळं माहीत असूनही लोक घाईत टाळतात, म्हणून लिहिलं.

डावं पुढचं चाक काढून उलटं ठेवलं. बाहेरून आरशासारखी रिम, आणि आत, रिमचा पिंपासारखा गोल भाग असतो त्याच्या भिंतीला चिकटलेलं काळ्या मातीचं तळहाताएवढं ढेकूळ. वाळून दगड झालेलं. वर ब्रेकच्या धुळीचा करडा थर बसल्यामुळे अंधारात ते रिमचाच भाग वाटत होतं. त्याच्या बरोबर समोरच्या बाजूला टायरवाल्याने लावलेली चिकट वजनांची नवी कोरी पट्टी, ५-५ ग्रॅमचे चौकोन एका ओळीत.

उजवं चाक काढलं. आत माती नाही. पण भिंतीवर एका जागी ढेकळाचा ठसा होता: कडेने करडी धूळ, मधे ढेकळाच्या आकाराचा स्वच्छ चंदेरी तुकडा. आणि समोर तशीच नवी पट्टी, ५५ ग्रॅमची.

थरथर करणारं चाक हे दुसरं, म्हणजे स्वच्छ निघालेलं. बॅलन्सिंग झालं तेव्हा दोन्ही चाकांत माती होती. मशीनला माती आणि रिम वेगळी कळत नाही. एका बाजूला जास्त वजन आहे एवढंच तिला दिसतं, आणि ती समोर तेवढं वजन लावायला सांगते. तोल खरोखर जमला, दुकानातल्या पोराने काही लबाडी केली नव्हती. पुढे उजव्या चाकातलं ढेकूळ कुठल्या तरी खड्ड्यात निसटून पडलं आणि त्याच्या समोरची ५५ ग्रॅम वजनं तशीच राहिली. आधी माती थरथरवत होती, आता औषध थरथरवत होतं. डाव्या चाकातलं ढेकूळ पडलं असतं तर दुप्पट मजा आली असती. ते मी भिजवण्याआधी काळजीपूर्वक सोडवून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं, घरच्यांच्या शिव्या खाऊन. भरलं ६२ ग्रॅम.

साठेक ग्रॅमने काय होतं, असं नानांनी विचारलंच. हिशेब करून दाखवला. या टायरचा घेर साधारण १.८३ मीटर. ८० च्या वेगाला चाक सेकंदाला १२ फेरे मारतं. वजन मध्यापासून १६ सेंटीमीटरवर धरलं तर ५५ ग्रॅमचा तुकडा त्या वेगाला पाच किलोंहून थोड्या जास्त जोराने बाहेर ओढतो, आणि ही ओढ सेकंदाला १२ वेळा वर-खाली-पुढे-मागे फिरते. वेग अर्धा केला की जोर चौथाई होतो, म्हणजे ४० ला सव्वा किलो. गावात म्हणूनच काही कळत नाही. नाना गणिताचेच शिक्षक, त्यांनी कागद हातात घेऊन वर्ग बरोबर केला आहे का ते तपासलं.

आता माती आत एका जागी जमतेच कशी? चाक फिरत असताना चिखल बाहेरच्या दिशेने फेकला जातो, पण रिमचं पिंप बाहेरून बंद असतं, त्यामुळे तो उडून जायच्याऐवजी भिंतीवर दाबला जातो. रिमच्या आतल्या काठाला उंचवटा असतो, तो त्याला बाजूलाही सरकू देत नाही. फिरताना तरी तो गोल पसरलेला असतो. खरा घोटाळा रात्री होतो. गाडी उभी राहिली की ओला चिखल ओघळत पिंपाच्या तळाशी गोळा होतो आणि सकाळपर्यंत तिथेच घट्ट बसतो. वाळूची किंवा मुरमाची माती असती तर पहिल्या फेरीत झडली असती. आपल्या काळ्या मातीत चिकणमातीचा जो प्रकार असतो तो पाणी पिऊन फुगतो, वाळताना आकसतो आणि आकसताना पकड घट्ट करतो. उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पाडणारी हीच माती.

माती भिजवणं

वाळलेली काळी माती खरवडायची नाही. स्क्रू-ड्रायव्हर लावला की रिमचा लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, जातो, आणि घाईत एखादं वजनही उडतं. भिजवायची. यासाठी माझं आवडतं हत्यार म्हणजे पाठीवरचा फवारणी पंप, १६ लिटरवाला. पाणी एक दिवसाआड येणाऱ्या शहरात पाईप सोडून ठेवायची चैन परवडत नाही, आणि प्रेशर गन घरी नसलेलीच बरी. पंपाचं नोझल फिरवून धुकं करता येतं आणि धारही. फक्त हा पंप वेगळा ठेवायचा. शेतातला तणनाशक मारलेला पंप तीनदा धुतला तरी मी घरात वापरणार नाही.

आधी धुकं. माती नुसती ओली करायची, पंधरा-वीस मिनिटं सोडायची, पुन्हा ओली करायची. मडगार्डच्या आतल्या कमानीत पाणी टिकत नाही, म्हणून तिथे जुनं गोणपाट भिजवून मातीवर दाबून ठेवलं. दुसऱ्या भिजवण्यानंतर बोट लावलं तर वरचा थर साबणासारखा निसटू लागला. त्यानंतर धार मारली की माती पोपडे न होता गाळ होऊन खाली आली. घाईने पहिल्याच वेळी जोराची धार मारली असती तर वरचा थर गेला असता आणि आतला थर फुगून आणखी चिकटला असता.

कमानीत सगळ्यात जास्त माल निघाला तो मडगार्डच्या काठाच्या आतल्या पन्हाळीतून. पत्र्याचा काठ जिथे आत वळतो तिथे बोटभर जाडीची माती, तिच्यात केळीच्या वाळक्या पानांच्या चिंध्या, आणि काठाला हात फिरवला तर आतून ओली. दोन महिने ऊन खाऊनही ओली. गाडी गंजते ती इथून. बाहेरून रंगाला फुगवटा दिसतो तोपर्यंत आतला पत्रा संपलेला असतो. नानांच्या गाडीत मागच्या डाव्या काठाला गंजाची सुरुवात होती, बाकी तीन ठिकाणी रंग शाबूत. तिथे माती काढून, पूर्ण वाळवून, गंजरोधक प्राइमरचा हात दिला.

डिझेलबद्दल दोन शब्द. खालून डिझेल मारलं की प्लास्टिकचं लायनर दोन दिवस काळंभोर दिसतं, आणि गिऱ्हाइकाला वाटतं गाडी आतूनही धुतली. प्रत्यक्षात रबरी बुश, ब्रेकचे होज (तेलाच्या रबरी नळ्या), ड्राइव्हशाफ्टचे बूट (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्यावरची रबरी टोपणं) या सगळ्यांना पेट्रोलियमचं वावडं, रबर फुगतं आणि मऊ पडतं. शिवाय तो तेलकट थर शेतरस्त्यावरची धूळ धरून ठेवतो. नानांच्या कमानीत मातीखाली असा काळा चिकटा होता. भांडी घासायचं लिक्विड पाण्यात थोडंसं टाकून, लांब दांड्याच्या ब्रशने घासून तो काढला. लायनरला हे चालतं. रंगावर नको, तिथलं मेण जातं.

चाक निघालेलं असताना होज आणि बूट टॉर्च मारून बघून घेतले. कुठे चीर नव्हती. एबीएसच्या (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरची वायर जिथून जाते तिथे ब्रश जपून फिरवायचा, ओढायचं नाही.

ॲसिडचे डाग आणि ब्रेकची धूळ

पुढच्या रिम मागच्यांपेक्षा कायम जास्त काळ्या होतात, कारण थांबवण्याचं बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात. पॅड आणि डिस्क दोन्ही झिजतात, डिस्कचे लोखंडाचे गरम कण रिमच्या लॅकरमध्ये रुततात आणि तिथे गंजून तांबूस ठिपके होतात. शॅम्पूने वरची काजळी जाते, ठिपके जात नाहीत. ही धूळ कोरडी असताना फुंकायची किंवा हवेच्या पाईपने उडवायची नाही, फुफ्फुसात जाते. आधी ओली करायची.

सावलीत, रिम गार असताना, आधी साधा गाडीचा शॅम्पू आणि मऊ ब्रश. चाकांची बादली आणि कापड वेगळं, ते बॉडीला लावायचं नाही. मग रुतलेल्या कणांसाठी आयर्न रिमूव्हर फवारला. तो रंगहीन असतो, लोखंड भेटलं की जांभळा होतो. पुढच्या दोन्ही रिमवरून दोन मिनिटांत जांभळे ओघळ वाहू लागले. नाना खुर्ची टाकून बसले होते, ते उठून जवळ आले आणि वासाने लगेच मागे गेले. सडक्या अंड्यासारखा वास आहे, हातमोजे घालून उघड्यावरच वापरायचा. चार-पाच मिनिटांच्या आत, वाळू न देता, भरपूर पाण्याने धुऊन काढायचा. आपल्याकडे ऑक्टोबर हीटमध्ये दहाच्या पुढे हे काम करूच नये, फवारा मारेपर्यंत वाळायला लागतो. आणि ते पाणी तुळशीच्या किंवा भाजीच्या वाफ्याकडे जाऊ द्यायचं नाही.

मागच्या डाव्या रिमवर मात्र पांढरट, ढगाळ पट्टे होते, आणि ते कशानेच हलले नाहीत. बोअरच्या पाण्याचे क्षार असतील या आशेवर पांढऱ्या व्हिनेगरात तेवढंच पाणी घालून कापडाने मिनिटभर लावून पाहिलं, धुतलं. क्षार असते तर विरघळले असते. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, नळाच्या तोट्यांवर पांढरं पुटं चढतं, त्यामुळे शंका रास्त होती. पण हे डाग वर बसलेले नव्हते, लॅकरच्या आत होते. वॉशिंग सेंटरच्या ॲसिडचं काम.

संडास-बाथरूमचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. ते काजळी क्षणात काढतं, म्हणून गिऱ्हाइकासमोर छान दिसतं. पण अलॉय म्हणजे मुख्यतः ॲल्युमिनियम. त्याच्यावर ऑक्साइडचं जे नैसर्गिक कवच असतं तेच ॲसिड खातं, आणि लॅकरला दगडाने पडलेला टवका असेल तर तिथून आत शिरून धातू लॅकरखाली पोखरत जातं. ब्रेकचे भाग गंजतात ते वेगळंच. धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक यांचंही तेच, ॲल्युमिनियमला आम्ल आणि अल्क दोन्ही चालत नाहीत. रिम कितीही काळी असली तरी "ॲसिड मारू का" या प्रश्नाला नाही म्हणायचं.

टायर

टायरवर तेलकट पॉलिशचे थरावर थर होते आणि त्यांखाली तपकिरी रंग. हा तपकिरीपणा सगळाच मळ नसतो. ओझोनने रबराला चिरा पडू नयेत म्हणून टायरमध्ये रसायनं आणि मेण मिसळलेलं असतं. टायर चालताना लवतो तसं ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि हवेत तपकिरी पडतं. म्हणजे टायर आपलं काम करतोय. ताठ केसांचा ब्रश, पातळ केलेला ऑल-पर्पज क्लीनर, आणि घासणं. पहिला फेस चहाच्या रंगाचा आला, दुसरा त्याहून फिका, पांढरा फेस आला तेव्हा थांबलो. पांढरा फेस येईपर्यंत ड्रेसिंगला, म्हणजे टायर काळा दिसावा म्हणून लावायच्या पॉलिशला, हात लावायचा नाही, नाहीतर नवं पॉलिश जुन्या तेलावर बसतं आणि तिसऱ्या दिवशी डागडाग होऊन उतरतं.

घासताना दोन गोष्टी मिळाल्या. बाजूच्या भिंतीवरची चार आकडी तारीख पॉलिशखालून वर आली: २३२१, म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांच्या आतले टायर, भिंतीला चिरा नाहीत, फुगवटा नाही, नक्षीची खोली खाचांतल्या खुणेच्या बरीच वर. ती खूण १.६ मिलिमीटरवर असते, नक्षी तिच्याबरोबर आली की टायर संपला. हे टायर बदलायचं काहीच कारण नव्हतं.

दुसरी गोष्ट उजव्या टायरच्या नक्षीत. फेस सगळीकडे बसला, पण एका खाचेत बारीक बुडबुडे येतच राहिले, एकामागून एक, मोहरीएवढे. टोकरून पाहिलं तर बाभळीचा काटा, वर फक्त टोक. नाना म्हणाले, "हां, या चाकात दर आठवड्याला हवा भरावी लागते खरी." काटा तसाच ठेवला. तिथल्या तिथे उपटला असता तर चाक बसलं असतं. दुपारी चाक पंक्चरवाल्याकडे नेलं. नक्षीच्या भागात होता म्हणून दुरुस्त झाला, बाजूच्या भिंतीत असता तर टायर टाकावाच लागला असता. कापूस निघालेल्या वावरातून गाडी नेणाऱ्यांना पऱ्हाटीची खुंटं अशीच महाग पडतात.

ड्रेसिंगविषयी माझं मत सरळ आहे: ते दिसण्यासाठी आहे. उन्हापासून थोडं संरक्षण मिळतं, पण नियमित चालणारा टायर स्वतःचं मेण स्वतः वर आणतो. दारात उभ्या गाडीचे टायर आधी तडकतात, पॉलिश असो वा नसो. तरी दसरा होता, आणि नानांना काळे टायर हवे होते. लावलं ते दुधासारखं पांढरं, पाण्यात मिसळलेलं. डब्यातून ओतल्यावर तेलासारखं पारदर्शक दिसतं ते बहुधा सॉल्व्हंटवालं, ते ओलं चमकतं आणि आमच्या धुळीत संध्याकाळपर्यंत खाकी होतं. जळकं इंजिन ऑइल, डिझेल, खोबरेल यांची नावं काढू नका.

टायर पूर्ण वाळल्यावर स्पंजावर थोडंसं घेऊन भिंतीला चोळलं, पंधरा मिनिटांनी कोरड्या कापडाने जास्तीचं पुसून घेतलं. पुसण्याची ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग चाक फिरलं की दारावर काळ्या ठिपक्यांची रांग येते. नानांच्या डाव्या दारावर आधीच्या पॉलिशची अशी रांग होतीच. नक्षीवर ड्रेसिंगचा थेंबही नको, ओल्या रस्त्यावर घसरतं. गल्लीतल्या एका पोराने बुलेटच्या टायरला लावून मागितलं, त्याला नाही म्हटलं. मोटारसायकल वळताना टायरच्या कडेवर झुकते.

पुन्हा मशीनवर

चाकं स्वच्छ, कोरडी करून त्याच टायरवाल्याकडे नेली. त्याला मातीचं ढेकूळ कागदाच्या पुडीत दाखवलं. त्याने दोन्ही चाकांची जुनी वजनं काढून मशीन फिरवली. डाव्याला १० ग्रॅम, उजव्याला १५. एवढंच. पैसे घ्यायला तयार नव्हता, नानांनी दिले. आता म्हणे तो पावसाळ्यात चाक मशीनवर चढवण्याआधी आत हात घालून बघतो. हे प्रत्येक दुकानात व्हायला हवं, पण गर्दीच्या वेळी कोण बघणार, म्हणून आपणच बॅलन्सिंगला जाण्याआधी आतून धुऊन न्यावं.

नट चांदणीच्या क्रमाने, समोरासमोर, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या जोराने आवळले, आणि शेतावर एक चक्कर झाल्यावर पुन्हा तपासले. नटांना किंवा हबच्या तोंडाला ऑइल, ड्रेसिंग काही लावलं नाही. धुतल्यावर ब्रेक ओले होते, म्हणून गल्लीच्या टोकापर्यंत हळू नेऊन दोन-चार वेळा ब्रेक दाबून वाळवले. रात्री हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये उभी केली, नाहीतर ओले मागचे ड्रम सकाळी चिकटतात. डिस्कवर सकाळी दिसणारा तांबूस थर पहिल्या ब्रेकला निघून जातो, त्याची काळजी करायची नाही.

भुसावळ रस्त्याला ८०, ९०, १००. स्टेअरिंग शांत. नाना मुद्दाम दोन बोटांनी धरून चालवत होते, तेवढं करू नका म्हटलं.

चारही चाकं आणि कमानी मिळून पाणी लागलं तीन पंप, म्हणजे ५० लिटरच्या आत, कारण बहुतेक काम भिजवण्याने झालं. पण एवढा खटाटोप दर वेळी कशाला? चिखल ओला असताना तो निघायला दोन मिनिटं पुरतात. नानांना आता एवढंच सांगितलं आहे: शेतावरून आल्यावर, गाडी उभी करायच्या आधी, पंपाची धार स्पोकच्या फटींतून आत, प्रत्येक चाकाला दोन-तीन लिटर. मग गाडी हातभर पुढे घेऊन पुन्हा एकदा, म्हणजे खाली राहिलेला भाग वर येतो. बाहेरून चाक मळकं राहिलं तरी चालेल. शेतावरच विहिरीच्या पाण्याने केलं तर आणखी बरं, माती माती असलेल्या जागीच पडते. पाऊस संपल्यावर एकदा पन्हाळीत बोट घालून बघायचं, आणि दिवाळीच्या आधी एकदा चाकं काढून.

मागच्या डाव्या रिमचे डाग तसेच आहेत. लॅकर काढून रिम पुन्हा रंगवणारे मिळतात, पण एका रिमसाठी तेवढा खर्च करायला नाना तयार नाहीत. दसऱ्याला त्या चाकापुढे झेंडूची माळ जरा जास्त खाली सोडली होती. वॉशिंग सेंटरला ते अजूनही जातात, फक्त तिथल्या पोराला आधीच बजावतात, "वरून धू. चाकाले हात लावायचा नाही."